जईचे दूध आणि आपली कॉफी



आपल्या मराठी घरांत चहा हा नित्याचा. कॉफी मात्र विशेष प्रसंगाची. उपासाच्या दिवशी, आजारातून उठलेल्या माणसासाठी, अथवा परीक्षेच्या दिवसांत रात्री जागणाऱ्या मुलासाठी आई कॉफी करते. पातेलीत दूध उकळावयाचे, त्यात साखर व कॉफीची पूड घालावयाची, वरून किंचित जायफळ उगाळावयाचे, ही तिची रीत. ग्वाल्हेरच्या लष्करात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कुटुंबांनीही ती सोडलेली नाही. अशा कॉफीत दूध हा केवळ एक घटक नसतो. कॉफीचा दाटपणा, तिची साय, तिचा गोडवा हे सारे दुधाचेच असते.

अलीकडे मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत ‘ओटच्या दुधाची कॉफी’ मिळू लागली आहे. हे दूध गाईम्हशीचे नसून एका धान्यापासून केलेले असते. धान्याचे दूध कसे निघेल, असे वाटून कोणी हसतात, तर कोणी ते फार आरोग्यदायक आहे असे समजून मोठी किंमत देतात. हसणे व भुलणे या दोहोंच्या आधी, ते काय आहे हे जाणून घेणे अधिक इष्ट. म्हणून या लेखात त्याचा थोडा अभ्यास करू.

या विषयाकडे माझे लक्ष जाण्याचे कारण मात्र उपाहारगृह नव्हे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेत असताना मी मुलामुलींना घेऊन सहलीला गेले होते. पहाटे निघताना सर्वांना पेलाभर गरम दूध दिले. एक मुलगी म्हणाली, “बाई, मला दूध सोसत नाही.” मी तिला दरडावले. दुधाला नाक मुरडणे हा लाडावलेपणा आहे, असे चार मुलांसमक्ष बोलले आणि पेला रिकामा होईपर्यंत तिच्याजवळ उभी राहिले. पुढे दोन तास त्या मुलीने बसमध्ये पोट धरून काढले. गाडी दोनदा थांबवावी लागली. इतर मुले हसली, आणि ती मान खाली घालून बसली. ती खरे बोलत होती व मी अज्ञानाने बोलत होते, हे मला नंतर वाचनातून कळले. तेच आज तुम्हांस सांगावयाचे आहे.

गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात स्निग्धांश, प्रथिने, खनिजे आणि एक विशिष्ट साखर असते. या साखरेस दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. तिचे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास असते. दुग्धशर्करा ही दोन साध्या साखरांची जोडी आहे. ती जशीच्या तशी रक्तात जाऊ शकत नाही. लहान आतड्यातील लॅक्टेज नावाचे विकर तिचे दोन तुकडे करते व मगच ती शोषली जाते. तान्ह्या बाळाच्या आतड्यात हे विकर भरपूर असते, कारण दूध हेच त्याचे अन्न. परंतु वय वाढते तसे पुष्कळ माणसांत ते कमी होत जाते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तेथील सूक्ष्म जंतू तिला आंबवतात, वायू धरतो, पोट दुखते व जुलाब होतात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील आर्ने डालक्विस्ट यांनी १९६३ च्या सुमारास या विकाराचा व विकराच्या अभावाचा संबंध उलगडून दाखविला.

जगातील प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांत हे विकर कमी असते. आपल्या देशात उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे असे लोक अधिक आढळतात. तेव्हा प्रौढपणी दूध न पचणे ही काही दुर्मीळ व्याधी नव्हे. अशा माणसांना थोडे दूध बहुधा चालते, पेलाभर चालत नाही. दह्याताकात विरजणाच्या जंतूंनी काही दुग्धशर्करा आधीच खाल्लेली असते, म्हणून ताक त्यांना पुष्कळदा सोसते. दुधाची ॲलर्जी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती दुधातील प्रथिनांमुळे होते आणि ती असणाऱ्याने दही, ताक व पनीरही टाळावे लागते. या दोहोंत गल्लत करू नये.

डालक्विस्ट यांच्याच विद्यापीठातील रिकार्ड ओस्ते या संशोधकाने पुढे विचार केला, की ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यासाठी धान्यापासून दुधासारखे पेय करता येईल काय? त्यांच्या देशात ओट हे धान्य विपुल पिकते. त्यांनी त्यावर प्रयोग केले आणि त्यातून १९९४ मध्ये ‘ओटली’ ही कंपनी निघाली. आज जगभर प्यायले जाणारे ओटचे दूध हे मुख्यतः या खटपटीचे फळ आहे.

हे ओट म्हणजे कोण? नाव परके असले तरी धान्य आपल्या ओळखीचे आहे. हिंदीत त्यास जई म्हणतात. जव म्हणजे सातू, तो निराळा, जई निराळी. हिवाळ्यात उत्तर भारतात बरसीमबरोबर जईचीही हिरवी शेते दिसतात. परंतु ती माणसांसाठी नसतात, जनावरांच्या वैरणीसाठी असतात. ग्वाल्हेरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेली भारतीय चारा संशोधन संस्था आहे. तेथे वैरणीच्या जईचे सुधारित वाण तयार झाले आहेत. म्हणजे आपल्या भागात जईचे दूध पूर्वीपासूनच होत आले आहे, फक्त ते गाईम्हशीच्या पोटातून फिरून येते. स्वीडनमधील संशोधकाने मधली गाय वगळली, आणि तिच्या जागी गिरणी व विकर यांना बसविले.

आता कारखान्यात काय करतात ते पाहू. सोललेली जई पाण्यात दळतात. त्या पिठाळ पाण्यात ॲमिलेज नावाचे विकर घालून ते कोमट ठेवतात. जईत स्टार्च पुष्कळ असतो. विकर त्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते व माल्टोज नावाची साखर तयार होते. म्हणूनच वरून साखर न घालताही हे पेय गोड लागते. नंतर कोंडा गाळून काढतात, थोडे वनस्पतितेल, मीठ, कॅल्शियम व जीवनसत्त्वे मिसळतात, तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते सर्वत्र सारखे पसरवितात, आणि तापवून निर्जंतुक करून डब्यांत भरतात.

ही विकराची क्रिया तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहू शकता. चिमूटभर ओटचे पीठ पाण्यात उकळून थंड करा व दोन परीक्षानळ्यांत घ्या. एकीत थोडी लाळ मिसळा, कारण लाळेतही ॲमिलेज असते. दोन्ही नळ्या वीस-पंचवीस मिनिटे कोमट पाण्यात ठेवा. मग प्रत्येकीत आयोडीनचा थेंब टाका. पहिली निळीकाळी होईल. लाळ घातलेलीत रंग फिका राहील, कारण तेथील बराचसा स्टार्च तुटलेला असतो. आपल्या आज्या नाचणीला मोड आणून तिचे पीठ बाळाच्या लापशीसाठी करीत, त्यातही हेच तत्त्व आहे. मोड येताना धान्यात ॲमिलेज वाढते, म्हणून ती लापशी पातळ व किंचित गोड होते. कारखाना नवा असला तरी युक्ती जुनी आहे.

येथे कॉफीचा प्रश्न येतो. पुष्कळांनी घरी असा प्रयोग केला आहे, की वाटीभर ओट तीन वाट्या पाण्यात मिक्सरमधून काढावयाचे, फडक्याने गाळावयाचे आणि ते कढत कॉफीत ओतावयाचे. कॉफी लगेच बुळबुळीत होते, आणि पिणारा तोंड वाकडे करतो. याचे कारण आता तुम्हांला सांगता येईल. घरच्या दुधात विकर घातलेले नसते. स्टार्च जसाच्या तसा असतो. साठ अंशांच्या आसपास तापताच त्याचे कण पाणी शोषून फुगतात व तांदळाच्या पेजेसारखा चिकटपणा येतो. म्हणून घरचे ओटदूध थंड कॉफीसाठी वापरावे. पाणी गार घ्यावे, मिक्सर अर्ध्या मिनिटाहून अधिक फिरवू नये आणि गाळताना फडके पिळू नये; म्हणजे चिकटपणा कमी उतरतो.

दुसरा दोष फाटण्याचा. दूध कशाने फाटते? दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के केसीन असते. त्याचे कण एकमेकांस दूर लोटीत दुधात तरंगतात. आम्लता वाढली की हे दूर लोटणे संपते, व सामू ४.६ च्या जवळ येताच कण एकत्र येऊन गोळे बनतात. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.७ असतो आणि कॉफीचा पाचाच्या आसपास. म्हणून ताजे दूध कॉफीत टिकते. परंतु शिळे, थोडे आंबट झालेले दूध उकळत्या कॉफीत पडताच फाटते. सोयाबीनच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, व ती आम्लाने आणि उष्णतेने सहज गोठतात. ज्या गुणामुळे त्यापासून टोफू होतो, त्याच गुणामुळे ते कॉफीत दगा देते. आपला मध्य प्रदेश सोयाबीनसाठी प्रसिद्ध असूनही सोयाबीनच्या दुधाची कॉफी रूढ झाली नाही, याचे एक कारण हेही असावे.

ओटच्या दुधात प्रथिने कमी असल्याने गोठण्यास द्रव्यच थोडे असते. तरीही फार आंबट कॉफीत ते कधी कधी फुटते. म्हणून कॉफीसाठी म्हणून जे ओटदूध विकतात, त्यात आम्लता आवरणारा एखादा फॉस्फेट क्षार व थोडे अधिक तेल घातलेले असते. तेलामुळे दाटपणा येतो व फेस टिकतो. जईतील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतूही त्याला अंग देतो. घरी गरम कॉफी करावयाची असल्यास असे विकतचे दूध मंद आचेवर कोमट करावे, उकळू नये. कॉफीचा अर्क मिनिटभर निवू द्यावा, आणि मग तो हळूहळू दुधात सोडावा. जायफळ चालेल, साखर मात्र निम्मीच घालावी, कारण माल्टोजचा गोडवा आधीच असतो.

चवीचे झाले. आता पोषणाचा विचार करू, कारण खरा धोका तेथे आहे. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे सव्वातीन ग्राम प्रथिने असतात; तेवढ्याच ओटच्या दुधात साधारण एक ग्राम. गाईच्या दुधात कॅल्शियम स्वभावतःच असते. ओटच्या दुधात ते वरून घालावे लागते आणि ते तळाशी बसते, म्हणून डबा हलवून घ्यावा लागतो. घरी केलेल्या ओटदुधात ते जवळजवळ नसतेच. ब-१२ हे जीवनसत्त्वही धान्यात नसते. उलट, बीटा-ग्लुकन हा तंतू दुधात नाही आणि ओटमध्ये आहे. रोज तीन ग्राम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास साहाय्य होते. परंतु एका पेल्यातून एवढे मिळत नाही. त्यासाठी ओट शिजवून खाणेच बरे. तात्पर्य, कॉफीत घालावयाच्या दोन घोटांसाठी ओटचे दूध हा चांगला पर्याय आहे. वाढत्या वयाच्या मुलाच्या रोजच्या पेलाभर दुधाची जागा त्यास देणे हा निराळा व्यवहार झाला. ती दिली तर डाळ, उसळ, तीळ, नाचणी यांनी तूट भरून काढावी लागेल. एका वर्षाच्या आतील बाळाला तर हे पेय आईच्या दुधाऐवजी कदापि देऊ नये.

मग त्यास दूध म्हणावे काय? या प्रश्नावर न्यायालयातही खल झाला आहे. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये निर्णय दिला, की वनस्पतिजन्य पेये दूध या नावाने विकता येणार नाहीत. आपल्या देशातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना तसाच आदेश दिला. दोन्हीकडे नारळाच्या दुधाला मात्र सूट आहे, कारण ते नाव जुने व सर्वांना समजणारे आहे. माझी मातृभाषा कोकणी. आमच्याकडे जवळजवळ रोजच्या कालवणात नारळाचे हे दूध असते, पण घरात आम्ही त्याला दूध म्हणत नाही, ‘रोस’ म्हणतो. रोस म्हटल्यामुळे त्याची चव उणी झाली नाही, आणि तान्ह्या बाळाला दुधाऐवजी तो पाजावा असेही कोणाच्या मनात आले नाही. नाव नेमके असले म्हणजे अपेक्षाही नेमक्या राहतात. या लेखात मी सोयीसाठी ओटचे दूध हाच शब्द वापरला आहे. तुम्ही मात्र डब्यावरील घटक वाचण्याची सवय लावून घ्या.

दुधास वनस्पतिजन्य पर्याय शोधण्याची ओढ आपल्या देशातही नवी नाही. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर दूध वर्ज्य केले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात असताना त्यांना आमांशाने गाठले व प्रकृती फार खालावली. १९१९ च्या आरंभी मुंबईत डॉ. दलाल यांनी दूध घेण्याचा आग्रह धरला. व्रत गाईम्हशीच्या दुधापुरते होते, तेव्हा शेळीचे का घेऊ नये, असे कस्तुरबांनी सुचविले, आणि गांधीजींनी ते घेतले. व्रताचा शब्द राखला पण आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदविली आहे. दुधाच्या तोडीचा, पचण्यास सुलभ असा वनस्पतिजन्य पदार्थ कोणी सांगावा, ही त्यांची इच्छा कायम राहिली. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले, त्यांमागेही स्वस्त व पौष्टिक अन्नाचा हाच शोध होता. आपला हेतू शुद्ध असला तरी शरीराचे म्हणणे ऐकावे लागते, हा या हकिगतीतील बोध मला मोठा वाटतो.

आज ओटच्या दुधाकडे वळणारे काही जण पृथ्वीचाही विचार करतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, एक लिटर गाईच्या दुधामागे सरासरी सुमारे तीन किलो हरितगृह वायू हवेत जातात. ओटच्या पेयामागे त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. जमीन आणि पाणीही ओटला पुष्कळ कमी लागते. हा भेद खरा आहे. परंतु ही जगाची सरासरी आहे, हे विसरू नये. आपल्याकडे दोन म्हशी बाळगणारे कुटुंब त्यांना कडबा व भुसा घालते, शेणाचे खत करते, आणि दुधाच्या पैशांत मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागविते. १९७० मध्ये सुरू झालेल्या दुग्धक्रांतीच्या बळावर भारत १९९८ च्या सुमारास दूध-उत्पादनात जगात पहिला आला, तो अशाच लहान कुटुंबांच्या कष्टांनी. दुसऱ्या बाजूस, दूध आटल्यावर रस्त्यावर सोडून दिलेली जनावरे आपल्या शहरात आपण रोज पाहतो. तीही या हिशेबात धरली पाहिजेत. ओटचे पेय आपल्याकडे दुधाच्या कित्येक पट महाग पडते, हेही लक्षात असू द्या. वैरण म्हणून जई पिकविणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला खाण्याच्या जईचे पीक परवडेल काय, हा उद्याच्या कृषिपदवीधरांनी सोडविण्याजोगा प्रश्न आहे.

मित्रहो, या साऱ्यातून मी इतकेच शिकले. ज्याला दूध पचते त्याने आनंदाने दुधाची कॉफी प्यावी. ज्याला पचत नाही, किंवा ज्याचे मन प्राण्यांच्या दुधाला तयार नाही, त्याच्या पेल्यात ओटचे दूध असले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. आणि ते प्यायल्याने कोणी इतरांहून थोर होतो असेही नाही. पुढल्या सहलीला पहाटे दूध वाटताना कोणी “बाई, मला सोसत नाही” असे म्हणाले, तर मी त्याला दुसरे काय हवे ते विचारीन. त्या मुलीची क्षमा मागण्याचे तेव्हा राहून गेले. ती आता मोठी झाली असेल. हा लेख कोणाच्या हातून तिच्यापर्यंत पोचला, तर तिने तो क्षमायाचनाच समजावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दुग्धशर्करा न पचणे व दुधाची ॲलर्जी यांतील भेद स्पष्ट करा.

२. घरी केलेले ओटदूध कढत कॉफीत बुळबुळीत का होते? कारखान्यात हा दोष कसा टाळतात?

३. शिळे दूध कॉफीत फाटते पण ताजे फाटत नाही, याचे कारण सामूच्या आधारे सांगा.

४. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणास दूध सोसत नाही व ते त्याऐवजी काय घेतात, याची विचारपूस करून दहा ओळी लिहा.